टोरांटोने नाकारलेले दोघे



मी जन्मभर भौतिकशास्त्र शिकवलं आणि पुढे बरीच वर्षं निवड समित्यांवर बसलो. त्या खोलीत काय चालतं, हे माझ्या मनातून जात नाही. म्हणून आज बोलणार आहे ते नेमणुकांबद्दल.

1851 साली टोरांटोच्या विद्यापीठाला प्राध्यापक हवे होते. कॅनडा तेव्हा ब्रिटिशांची वसाहत. इंग्लंडमधून दोन तरुण मित्रांनी अर्ज केले. भौतिकशास्त्रासाठी जॉन टिंडल आणि निसर्गेतिहासासाठी थॉमस हक्सली. हक्सली 26 वर्षांचा. ‘रॅटलस्नेक’ जहाजावर राहून त्याने समुद्री जीवांचा अभ्यास केला होता. रॉयल सोसायटीने त्याला सभासद करून घेतलं होतं, पण पोटापाण्याची सोय नव्हती आणि लग्न ठरलेली हेन्रिएटा सिडनीत वाट पाहत होती. त्याच्यासाठी डार्विनने शिफारसपत्र दिलं. इतरही नामवंतांनी दिली.

जागा मिळाली विल्यम हिंक्स यांना. वय साठीच्या घरात. त्यांचे भाऊ फ्रान्सिस हिंक्स तेव्हा त्या वसाहतीच्या सरकारचे प्रमुख होते. टिंडललाही टोरांटोने घेतलं नाही. दोघांनी पुढे लंडनमध्ये काय उभं केलं ते तुम्ही शिकला आहात. मला मात्र टोरांटोच्या त्या वर्गातल्या मुलांचं वाईट वाटतं. त्यांना हक्सली मिळाला असता.

आपल्याकडेही हे घडलं आहे. मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात रामकृष्ण गोपाळ भांडारकर संस्कृतचं प्राध्यापकपद हंगामी सांभाळत होते. कायम नेमणुकीची वेळ आली तेव्हा 1873 मध्ये पीटर पीटरसन यांना आणलं गेलं. भांडारकरांसारख्या संस्कृत पंडिताला डावललं गेलं, हे वाचताना मला आजही संताप येतो.

माझ्या पहिल्या मुलाखतीत समितीतल्या एका गृहस्थांनी मला गाव विचारलं, मग कोणाच्या ओळखीने आलात ते विचारलं. माझा प्रबंध त्यांच्यापुढे होता, त्याचं पाकीटसुद्धा फोडलेलं नव्हतं. विषयावर एकही प्रश्न आला नाही. बाहेर बाकावर बसलेल्या एका उमेदवाराचं अभिनंदन मुलाखती संपायच्या आत सुरू झालं होतं. ते महाविद्यालय कोणतं हे सांगण्यात आता अर्थ नाही. तशी अनेक होती, आजही आहेत. आणि आज तर तासिका तत्त्वावर शिकवता शिकवता माणसांची चाळिशी उलटते.

पण चांगली निवड कशी होते, तेही सांगितलं पाहिजे. ऑस्ट्रेलियात अ‍ॅडलेड विद्यापीठातली गणित आणि भौतिकशास्त्राची जागा होरेस लॅम्ब सोडून आले. नवा माणूस इंग्लंडमध्येच निवडायचा होता. निवडणाऱ्यांत स्वतः लॅम्ब होते आणि केंब्रिजचे जे. जे. थॉमसन होते. थॉमसननी रस्त्यात भेटलेल्या एका मुलाला अर्ज करायला उत्तेजन दिलं. तो विल्यम हेन्री ब्रॅग, वय 23. गणितात तयार, भौतिकशास्त्र जवळपास कोरं. ते त्याने बोटीवर पुस्तकं वाचून शिकायला घेतलं. 1886 मध्ये तो रुजू झाला. संशोधनाला खरी सुरुवात 1904 मध्ये, म्हणजे अठरा वर्षांनी. अ‍ॅडलेडमध्ये जन्मलेल्या त्याच्या मुलाला आणि त्याला 1915 चं नोबेल एकत्र मिळालं. लॅम्ब आणि थॉमसन यांना विषय कळत होता आणि मुलातली कुवत ओळखता येत होती. 

तुमच्यातले कित्येक जण उद्या टेबलाच्या त्या बाजूला बसतील. माझी हात जोडून विनंती आहे, अर्ज वाचून जा. न वाचलेल्या प्रबंधाची, न पाहिलेल्या माणसाची शिफारस करू नका, मग सांगणारा तुमचा गुरू असला तरी. नाव आधीच ठरलं असेल तर इतिवृत्तावर सही करण्यापूर्वी आपलं वेगळं मत त्यातच लिहून द्या. मी असं लिहून दिलं तेव्हा नेमणूक थांबली नाही, पुढच्या वर्षी मला त्या समितीवर बोलावलं नाही. तरीही लिहा.