निलंबन म्हणजे न्याय नव्हे
(कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेलं भाषण)



सरकारी कचेरीत काम करणारी बाई साहेबांविरुद्ध लैंगिक छळाची तक्रार करते. आपण निवेदन देतो, मोर्चा नेतो. साहेब निलंबित होतात, बातमी छापून येते आणि आपण पुढच्या कामाला लागतो. खरं काम तर तिथून सुरू होतं.

निलंबन ही शिक्षा नाही. चौकशीत ढवळाढवळ होऊ नये म्हणून माणसाला बाजूला ठेवायचं, एवढाच त्याचा अर्थ. त्या काळात त्याला निर्वाहभत्ता मिळतो. तीन महिन्यांत दोषारोपपत्र दिलं नाही तर निलंबन लांबवू नये, असं सर्वोच्च न्यायालयाने 2015 साली सांगितलं. आपण गाफील राहिलो, की चौथ्या महिन्यात साहेब पुन्हा त्याच खुर्चीत!

मग त्याला सरळ काढून का टाकत नाहीत? राज्यघटनेच्या 311व्या कलमाप्रमाणे, आरोप कळवून बाजू मांडण्याची वाजवी संधी दिल्याशिवाय सरकारी नोकराला बडतर्फ करता येत नाही, की खालच्या पदावर आणता येत नाही. आपल्याला हा अडसर वाटतो. पण वरिष्ठाला नकार देणाऱ्या शिपाई बाईची नोकरीही उद्या हेच कलम वाचवणार आहे.

पूर्वी तक्रार समितीपुढे जबानी द्यायची आणि पुन्हा विभागीय चौकशीत तेच सगळं उगाळायचं, असा दुहेरी जाच होता. पुण्याच्या मेधा कोतवाल-लेले यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने 2004 मध्ये आदेश दिला, की समितीचा अहवाल हाच शिस्तभंगाच्या कारवाईसाठी चौकशी अहवाल मानावा. म्हणून 'आता वेगळी चौकशी लावू' असं कुणी म्हटलं, तर हा आदेश पुढे ठेवा.

पण समितीच चौकशी अधिकारी झाली, म्हणजे तिची जबाबदारीही वाढली. गोवा विद्यापीठातल्या एका विभागप्रमुखाविरुद्ध 2009 मध्ये तक्रारी झाल्या. समितीने लागोपाठ सुनावण्या घेतल्या, त्याला तयारीला वेळ दिला नाही. तो बडतर्फ झाला. मे 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती बडतर्फी रद्द केली आणि प्रकरण पुन्हा समितीकडे पाठवलं. तक्रार खोटी ठरली नव्हती, पद्धत चुकली होती. किंमत मात्र मोजली तक्रार करणाऱ्यांनी. दिरंगाई आरोपीच्या पथ्यावर पडते, तशी घाईसुद्धा.

म्हणून आपल्यापैकी ज्या समितीवर बाहेरच्या सदस्य म्हणून बसतात, त्यांनी आरोपीला कागद मिळाले ना, उत्तराला वेळ मिळाला ना, हे स्वतः पाहावं. यात त्याची दयामाया नाही. तिचा निकाल टिकावा म्हणून हे करायचं. उलटतपासणीत बाईला समोरासमोर छळू द्यायचं नाही, प्रश्न लेखी घेऊन समितीने विचारायचे. पुरावा फौजदारी खटल्याइतका निर्विवाद लागत नाही. घटना घडली असण्याची शक्यता अधिक आहे, एवढं दिसलं तरी पुरतं. प्रत्यक्ष अंगाला हात लावलाच पाहिजे असंही नाही, हे 1999 सालीच सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं आहे.

2013 च्या कायद्यातल्या मुदती पाठ करा. घटनेपासून तीन महिन्यांत लेखी तक्रार. सबळ कारण असेल तर आणखी तीन महिने. चौकशी 90 दिवसांत, त्यानंतर 10 दिवसांत अहवाल, तो मिळाल्यापासून 60 दिवसांत कारवाई. चौकशी चालू असताना बाईला तीन महिन्यांपर्यंत जादा रजा मागता येते, त्याची किंवा स्वतःची बदली मागता येते. बदली मागताना 'त्याची करा' असंच लिहा. घर, मुलं, शाळा सोडून तिने का जायचं?

तक्रारीची पोच घ्या, आवक क्रमांक लिहून ठेवा, तारखा वहीत मांडा. घोषणा तर आपण देऊच. पण कचेरीत फाईल बोलते. ती फाईल वाचायला आणि हलवायला आपण शिकलंच पाहिजे.