फेसाचा गाजावाजा
(मंडळाच्या महिला शाखेच्या सभेत दिलेल्या व्याख्यानाचा सारांश)



भांडीधुण्याच्या विषयावर व्याख्यान आहे हे कळताच काही पुरुष सभासदांच्या मुखावर उमटलेले स्मित आमच्या नजरेतून सुटलेले नाही. परंतु २०१५ साली आपल्या याच बंगळुरात बेळ्ळंदूर तलावाचा पांढराशुभ्र फेस वाऱ्याने उडून रस्त्यावर येत होता आणि त्याच वर्षीच्या मे महिन्यात तलावाच्या पृष्ठभागाने पेटही घेतला, हे त्यांनाही स्मरत असेल. त्या फेसात शहरातील घरोघरच्या मोऱ्यांचा वाटा होता.

फेस म्हणजे स्वच्छता, ही समजूत मोठी चिवट आहे. वस्तुतः मळ सोडवतो तो प्रक्षालक पदार्थ. फेस हा त्याचा नुसता गाजावाजा. खेळत्या, हवेशीर पाण्यात आजच्या बहुतेक प्रक्षालकांचे जंतूंकडून विघटन होते. परंतु प्रक्रियेविना सांडपाणी तलावात साचून त्यातील प्राणवायू संपला, की ते काम रखडते. फॉस्फेटांची कथा निराळी. जड पाण्यातील चुना बांधून ठेवण्यासाठी ती पुडीत घालतात, आणि तलावात पोचली की शेवाळ व जलपर्णी यांचे खत होतात.

मग घ्यावे काय? बाटलीवर हिरवे पान छापले म्हणजे आतील द्रव निरुपद्रवी झाला असे नाही. पान चित्रकाराने काढलेले असते. घटकांची यादी वाचावी, फॉस्फेटविरहित पूड निवडावी. शासनाने १९९१ साली ‘इकोमार्क’ योजना काढली, तिची खूण मातीचा घडा. २०२४ मध्ये तिचे नियम नव्याने झाले. खूण सुंदर आहे, दुकानात मात्र दुर्मिळ. तोवर निदान माप तरी हाती घ्यावे. कूपनलिकेच्या पाण्याला लागते तितकी पूड कावेरीच्या पाण्याला बहुधा लागत नाही.

लिंबू आणि खाण्याचा सोडा एकत्र फसफसवण्याची हौस व्यर्थ होय. दोघे एकमेकांना निकामी करतात. चिंच-लिंबू तांब्यापितळेला, सोडा तेलकट ओट्याला, असे वेगवेगळे वापरावे. शौचकूपाचे आम्ल आणि विरंजक द्रव यांची गाठ मात्र कदापि घालू नये. विषारी क्लोरीन वायू निघतो. आणि बंद न्हाणीघरात तो कोणाच्या छातीत जातो? आपल्या नव्हे, मोलकरणीच्या. तिला ही गोष्ट तिच्या भाषेत, कन्नड वा तमिळमध्ये, आपण कधी सांगितली आहे काय?

आता रिठा. येथे त्याला अंटवाळ म्हणतात. आठ-दहा रिठ्यांच्या साली रात्री भिजत घालून सकाळी उकळाव्या व गाळून घ्याव्या. नित्याची भांडी आणि रेशमी लुगडी त्याने छान निघतात. ओशट कढईपुढे तो हात टेकतो. डोळ्यांत जाऊ देऊ नये. काढा तीन-चार दिवसांत आंबतो, म्हणून एका वेळी थोडाच करावा.