'ग्रेट वेव्ह'चं ओरिजिनल कुठे आहे?

होकुसाईची ती निळी लाट टी-शर्टवर, वॉलपेपरवर तुम्ही पाहिलीच असेल. पण तिचं मूळ चित्र कुठल्याच म्युझियममध्ये नाही. आहेत त्या सगळ्या छापील प्रती.

साधारण १८३१ साली, सत्तरीतल्या होकुसाईने पातळ कागदावर ती रेखाटली. कोरणाऱ्याने तो कागद चेरीच्या लाकडावर उलटा चिकटवला आणि कागदासकट लाकूड कोरलं. चित्र तिथेच संपलं! मग छापणाऱ्याने रंगांसाठी वेगळे ठसे वापरून, हाताने घासून प्रती काढल्या.

सही मात्र एकट्या होकुसाईची. आम्ही कोड लिहिणारे निदान कमिटवर नाव तरी ठेवतो. म्हणून पुढच्या वेळी ती लाट दिसली, की फेसाची ती बारीक नखं झूम करून बघा. ती कोरणारा हात निनावी आहे.