आंब्याच्या जाती आणि त्यांची चव

(आंबा बागायतदारांच्या प्रशिक्षण वर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आंब्यावरचे भाषण म्हटले की तुडतुडे, भुरी, मोहोराचे संरक्षण आणि खतांच्या मात्रा हे विषय ठरलेले असतात. आज मी त्यांपैकी कशावरही बोलणार नाही. आज चवीविषयी बोलायचे आहे. चव हा खाणाऱ्याचा विषय, पिकवणाऱ्याचा नव्हे, असे आपल्यापैकी काहींना वाटेल. पण बागेत कोणत्या जाती ठेवायच्या, मेलेल्या झाडाच्या जागी नांगी भरताना कोणते कलम लावायचे आणि फळ कोणत्या दिवशी उतरवायचे, या तिन्ही निर्णयांचा चवीशी थेट संबंध आहे आणि हे निर्णय तुम्हीच घेता.

चव कशी तयार होते ते आधी पाहू. जीभ आपल्याला गोड, आंबट, तुरट एवढेच सांगते; बाकीचे काम नाकाचे. तयार कैरीत स्टार्च आणि आम्ल भरपूर असते. फळ पिकताना स्टार्चची साखर होते आणि आम्ल उतरते. चांगल्या पिकलेल्या हापूसच्या रसात विद्राव्य घटकांचे प्रमाण साधारण १८ ते २० अंश ब्रिक्स भरते. पण नुसती साखर म्हणजे हापूस नव्हे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत हापूसच्या वासावर बरेच काम झाले आहे. कैरीचा हिरवट, उग्र वास टर्पीन गटातील द्रव्यांचा असतो आणि ती द्रव्ये फळात सुरुवातीपासूनच असतात. लॅक्टोन आणि फ्युरानोन या गटांतील द्रव्ये मात्र फळ पिकू लागल्यावर नव्याने तयार होतात. एकाचा वास साईसारखा, ओल्या नारळासारखा, तर दुसऱ्याचा साखरेच्या पाकासारखा. हापूसची पेटी उघडल्यावर घरभर जो वास सुटतो त्यात या द्रव्यांचा मोठा वाटा आहे. ती कैरीत साठवून ठेवलेली नसतात. पिकण्याची क्रिया नीट पार पडली तरच येतात. काढणीविषयी बोलताना आपण या मुद्द्याकडे पुन्हा येऊ.

हापूस आणि त्याचे सोबती

हापूसचे नाव पोर्तुगीज सेनानी अफोन्सो द अल्बुकर्क याच्या नावावरून आले. कलमाची कला गोव्यात पोर्तुगीजांनी रुजवली आणि त्यामुळे एका झाडाची चव हजार झाडांवर जशीच्या तशी मिळू लागली. पातळ साल, रेषाविरहित घट्ट गर, केशरी रंग, गोडीला आंबटपणाची किंचित जोड आणि पिकल्यावर टिकण्याची क्षमता हे सर्व गुण एकाच फळात असणे दुर्मीळ आहे. २०१८ मध्ये रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांतील हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले. ज्यांनी अधिकृत वापरकर्ता म्हणून अद्याप नोंदणी केली नसेल त्यांनी ती करावी. परराज्यातील फळ आपल्या नावावर खपवले जाते ही तक्रार आपण दरवर्षी करतो; पण स्वतःच्या नावाची नोंद नसेल तर त्या तक्रारीला वजन येत नाही.

हापूसचे दोषही तितकेच मोठे आहेत. एक वर्ष धरतो, एक वर्ष रुसतो. साका पडतो. शिवाय स्वतःच्या परागाने त्याची फळधारणा कमी होते. मोहोर भरघोस येतो, पण बारीक कैरीच दिसत नाही, याचे एक कारण हे आहे. म्हणून हापूसच्या बागेत साधारण दहा टक्के झाडे अन्य जातींची असावीत, अशी शिफारस केली जाते. ती एका कोपऱ्यात न लावता बागेत विखरून लावावीत, कारण आंब्याचे परागीभवन मुख्यतः माश्या व इतर लहान कीटक करतात.

या ठिकाणी एक शंका हमखास विचारली जाते. शेजारी पायरी किंवा रायवळ असेल तर हापूसची चव बिघडते का? अजिबात बिघडत नाही. आपण खातो तो गर पूर्णपणे मातृझाडाचा असतो. पराग कोणाचाही असो, त्याचा वारसा फक्त कोयीतील बीजात उतरतो. ती कोय पेरली तर पुढचे झाड वेगळे निघेल, एवढेच. या गैरसमजापोटी चांगल्या हापूस बागांच्या कडेची जुनी पायरी तोडली गेली आहे.

पायरीवर आपण अन्याय केला आहे असे माझे स्पष्ट मत आहे. फळाला चोच, देठाजवळ लालसर छटा, गर रसाळ आणि चवीत आंबटपणा हापूसपेक्षा थोडा अधिक. आमरसाला पायरीच हवी, असे म्हणणारी घरे अजून आहेत आणि ती पैसे मोजतात. तिची अडचण टिकण्याची आहे. पिकल्यावर ती लवकर मऊ पडते, लांबच्या वाहतुकीत दबते आणि म्हणून बाजारात दर खाते. तेव्हा पायरी मोठ्या प्रमाणावर लावा असे मी सांगणार नाही. पण ज्यांची बाग हमरस्त्यालगत आहे किंवा ज्यांचे ग्राहक घरी येऊन फळ नेतात, त्यांच्याकडे पायरीची दहा-वीस झाडे असायलाच हवीत.

केशर हा मूळचा सौराष्ट्राचा. गिरनारच्या पायथ्याशी त्याची कलमे १९३१ मध्ये लावली गेली आणि १९३४ मध्ये जुनागढच्या नबाबांनी गराच्या रंगावरून त्याला हे नाव दिले. मराठवाड्यात आणि पश्चिम महाराष्ट्रात तो चांगला रुळला आहे. गोडी भरपूर, आंबटपणा कमी, वास हापूसपेक्षा सौम्य आणि वेगळा. साक्याचा त्रास नाही. घाटावरच्या बागायतदारांनी हापूसच्या मागे न लागता केशरचा मार्ग धरला, हे शहाणपणाचे झाले. हापूसला समुद्राकाठची दमट हवा आणि कोकणची निचऱ्याची जांभी जमीन मानवते. ती सोडून तो बाहेर गेला की चव तीच राहत नाही.

हापूसचे दोष घालवून त्याची चव राखावी या हेतूने वेंगुर्ल्याच्या प्रादेशिक फळ संशोधन केंद्रात संकराचे काम झाले. दक्षिणेकडील नीलम दरवर्षी धरतो. नीलम आणि हापूस यांच्या संकरातून १९८१ मध्ये रत्ना प्रसारित झाला. पुढे रत्ना आणि हापूस यांच्या संकरातून १९९२ मध्ये सिंधू आला. रत्नाचे फळ हापूसपेक्षा मोठे, गर घट्ट आणि गडद नारिंगी. दरवर्षी धरतो आणि साका पडत नाही. सिंधूची कोय इतकी पातळ असते की प्रथमच खाणारा चकित होतो. मग हे दोन्ही हापूसची जागा का घेऊ शकले नाहीत? रत्ना गोड आहे, पण हापूसचा तो भरून राहणारा वास त्यात तितका नाही, आणि ग्राहक नाकाने आंबा ओळखतो. परागासाठी म्हणून जी दहा टक्के झाडे लावायची त्यांत मात्र रत्ना अवश्य असावा. हापूस रुसलेल्या वर्षी घरखर्च तोच चालवतो.

गोव्याच्या शेजारी राहणाऱ्यांना मानकुराद माहीत आहेच. २०२३ मध्ये त्यालाही भौगोलिक मानांकन मिळाले. मलकोरादा म्हणजे रंगाने कमी, असे त्याचे पोर्तुगीज नाव. पण गोव्याच्या बाजारात हंगामाच्या सुरुवातीला लोक हापूस बाजूला ठेवून जास्त पैसे देऊन मानकुराद घेतात. मुसराद तिथे मांगाड करण्यासाठी राखतात. एवढ्याशा प्रदेशाने प्रत्येक जातीचा उपयोग ठरवून ठेवला आहे, हे पाहण्यासारखे आहे.

रायवळ

कोयीपासून आलेले झाड म्हणजे रायवळ. आपल्या बहुतेक आंब्यांच्या कोयीत एकच बीजगर्भ असतो आणि तो संकरातून झालेला असतो. म्हणून दोन रायवळ झाडे कधी एकसारखी निघत नाहीत. पूर्वी गावात प्रत्येक झाडाला नाव असे. साखरेसारखा तो साखऱ्या, शेंदरी रंगाचा शेंदऱ्या, खोबऱ्याच्या चवीचा खोबऱ्या, शेपूचा वास येणारा शेप्या, लहान फळाची बिटकी. चोखून खाण्याचा आंबा वेगळा, लोणच्याचा वेगळा, साठे घालण्याचा वेगळा आणि सासवाचा तर आणखी वेगळा. लोणच्याला घट्ट गराची, आंबट आणि रेषा असलेली कैरी लागते, कारण ती मुरल्यावरही फोड धरून राहते. हापूसची कैरी तिथे उपयोगाची नाही.

रायवळाची झाडे मोठी होतात, सावली धरतात, फळ उतरवायला अवघड आणि बाजारात त्याला भाव नाही. त्यामुळे लाकडासाठी पहिली कुऱ्हाड त्यांच्यावर पडते. कलम केलेले हापूसचे एक झाड गेले तर तसेच दुसरे रोपवाटिकेत मिळते. रायवळाचे एक झाड गेले की ती चव जगातून गेली, कारण तिचे दुसरे झाडच नसते. आज ज्या जातींचा आपण अभिमान बाळगतो त्या सर्व कधी तरी कोणाच्या तरी बांधावरची कोयीची झाडेच होती. कोणी तरी फळ चाखले, झाड वेगळे ओळखले आणि त्याची कलमे बांधली.

साका आणि काढणी

साक्याचे फळ बाहेरून निर्दोष दिसते. कापल्यावर कोयीजवळचा गर फिकट, स्पंजासारखा आणि आंबट निघतो. त्या भागातील स्टार्चची साखर झालेली नसते. कारणांविषयी मते अनेक आहेत. तापलेल्या जमिनीतून वर येणारी उष्णता हे एक. म्हणून झाडाखाली गवताचे आच्छादन केल्यास प्रमाण घटते. बंगळुरूच्या भारतीय बागायती संशोधन संस्थेतील अभ्यासातून दुसरी बाजू पुढे आली. फळ झाडावरच असताना आतली कोय उगवण्याच्या तयारीला लागते आणि भोवतालच्या गरातून अन्न-पाणी ओढते. दोन्ही बाजूंनी निष्कर्ष एकच निघतो. पूर्ण तयार होईपर्यंत फळ झाडावर ठेवले तर हापूसमध्ये साका वाढतो. मोठ्या फळांत तो अधिक आढळतो.

म्हणून चौदा आणे तयार, म्हणजे साधारण ८५ टक्के पक्व झालेले फळ उतरवावे. देठाजवळचे खांदे वर येतात, देठाशी खळगा पडतो, गडद हिरवा रंग फिका होतो. खात्री नसेल तर झाडाची चार-पाच फळे पाण्याच्या बादलीत टाकून पाहावीत. तयार फळ बुडते, कोवळे तरंगते. नूतन झेल्याने देठासह काढावे, चीक सालीवर येऊ देऊ नये आणि उतरवलेले फळ क्षणभरही उन्हात, तापलेल्या कातळावर ठेवू नये.

चौदा आण्यांच्या ऐवजी दहा आण्यांचे फळ उतरवले तर काय होते? पहिल्या पेटीला मार्चमध्ये मिळणारा दर सर्वांना दिसतो आणि त्या दरासाठी कोवळे फळ वाशीला जाते. ते पिवळे होते, मऊही पडते. पण त्यात स्टार्च पुरेसा भरलेला नसतो, त्यामुळे गोडी येत नाही. आणि जी द्रव्ये पिकताना तयार व्हायची तीही पुरेशी होत नाहीत. ग्राहकाच्या हाती पिवळ्या रंगाची कैरी पडते. त्याने वर्षातली पहिली पेटी सर्वांत महाग घेतलेली असते. ती फिकी निघाल्यावर पुढे एप्रिलमध्ये, जेव्हा तुमच्याकडे खरा माल असतो, तेव्हा तो हात आखडता घेतो. याचा फटका कोवळे फळ काढणाऱ्याला एकट्याला बसत नाही, सगळ्या पट्ट्याला बसतो.

कॅल्शियम कार्बाइडच्या वापराला कायद्याने बंदी आहे. त्याने सालीला रंग येतो, आत चव येत नाही. भाताच्या पेंढ्यात आढी घालणे हा आपला जुना मार्ग आजही उत्तम आहे. मोठ्या प्रमाणावर पिकवायचे असेल तर इथिलीन वायूची रायपनिंग चेंबर वापरावीत. त्याला १०० पीपीएमपर्यंत परवानगी आहे. न पिकलेला आंबा १२-१३ अंश सेल्सिअसच्या खाली ठेवू नये. तसे केल्यास तो नंतर नीट पिकत नाही आणि वासही धरत नाही. ही सूचना पेटीवर छापून ग्राहकापर्यंत पोचवायला फारसा खर्च येत नाही.

आता पुढच्या काही आठवड्यांत करण्याचे काम सांगतो. मे महिन्यात पाड लागला की आपल्या बांधावरच्या आणि गावातल्या रायवळांची फळे घरातील सर्वांनी मिळून चाखावीत. घरातील वयस्कर स्त्रियांना आवर्जून विचारावे. कोणत्या झाडाचे लोणचे वर्षभर टिकते हे त्यांना पाठ असते. ज्या झाडांची चव पटेल त्यांच्या खोडावर रंगाचा पट्टा मारून वहीत नोंद करावी. कोयी पंधरा-वीस दिवसांच्या आत पेरून टाकाव्यात, कारण आंब्याची उगवणशक्ती लवकर जाते. जून ते ऑगस्टमध्ये रोपांची पाने तांबूस असतानाच कोयकलमे बांधावीत. त्यासाठी निवडलेल्या झाडाची तीन-चार महिन्यांची, शेंड्याचा डोळा फुगलेली काडी घ्यावी आणि काडी काढण्याआधी आठ-दहा दिवस तिची पाने देठ राखून कापून टाकावीत. एका झाडाची दहा कलमे बांधली तर चार-पाच तरी हाती लागतील. त्यांतली दोन आपल्या बागेत लावावीत आणि उरलेली शेजाऱ्याला द्यावीत, म्हणजे एका ठिकाणी झाड गेले तरी दुसऱ्या ठिकाणी काडी मिळेल.