कोणता नियम, ते दाखवा!

कचेरीत गेलं की खिडकीपलीकडून एक वाक्य हमखास ऐकू येतं, 'हे नियमात बसत नाही.' त्याचंच दुसरं भावंड म्हणजे 'आमच्याकडे वरून काही आलेलं नाही.' एवढं ऐकून आपला माणूस मुकाट्याने एस.टी. पकडतो आणि गावी परततो. दिवस जातो, मजुरी बुडते. पण तो नियम कोणता, हे काही तो विचारत नाही. आज मला एवढंच सांगायचं आहे, की तो नियम विचारता येतो आणि बहुतेक वेळा आपल्या गावात बसून वाचताही येतो.

नियम लोकांना कळला पाहिजे, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९५१ मध्येच सांगून ठेवलं आहे. जयपूर संस्थानच्या मंत्रिमंडळाने १९२३ साली अफूविषयीचा एक कायदा ठरावाने मंजूर केला, पण तो कुठे प्रसिद्धच केला नाही. पुढे हरला नावाच्या माणसाला त्याच कायद्याखाली ५० रुपये दंड झाला. प्रकरण दिल्लीपर्यंत गेलं. न्यायमूर्ती विव्हियन बोस यांनी निकाल दिला, की जो कायदा लोकांना कळवलाच नाही, त्याखाली शिक्षा करणं न्यायाला धरून नाही. हे बोस त्याआधी नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश होते आणि आपला बुलढाणा जिल्हा तेव्हा त्याच न्यायालयाखाली येत असे.

आता हे नियम शोधायचे कुठे? राज्य सरकारचे शासन निर्णय, म्हणजे आपण ज्याला 'जीआर' म्हणतो ते, 'जीआर डॉट महाराष्ट्र डॉट जीओव्ही डॉट इन' या संकेतस्थळावर फुकट मिळतात. विभाग निवडायचा, तारीख टाकायची किंवा विषयातला एखादा शब्द मराठीत टाकायचा. केंद्र सरकारचे नियम भारताच्या राजपत्रात येतात. ऑक्टोबर २०१५ पासून या राजपत्राची कागदी छपाई बंद झाली आणि ते 'ई-गॅझेट' या संकेतस्थळावरच प्रसिद्ध होऊ लागलं. मूळ कायदे हवे असतील, तर 'इंडिया कोड' नावाचं सरकारी संकेतस्थळ आहे.

मी लोणार तालुक्यातल्या एका गावच्या वाचनालयात संध्याकाळी बसतो. लोक कागद घेऊन येतात. २०२३ च्या दुष्काळात एक शेतकरी आपल्या मुलीला घेऊन आले. मुलगी महाविद्यालयात शिकत होती. परीक्षा शुल्क माफ असल्याचं त्यांनी ऐकलं होतं, पण महाविद्यालयातून 'असं काही आलेलं नाही' हेच उत्तर मिळालं होतं. मी म्हणालो, ''भाऊ, आपण आधी कागद पाहू.'' महसूल व वन विभाग, ३१ ऑक्टोबर २०२३, एवढ्यावर शासन निर्णय सापडला. राज्यातल्या ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला होता, त्यात आपल्या जिल्ह्यातले बुलढाणा आणि लोणार हे दोन तालुके होते. जमीन महसुलात सूट, शेतीच्या कर्जवसुलीला स्थगिती, कृषिपंपांच्या चालू वीजबिलात ३३.५ टक्के सूट आणि विद्यार्थ्यांची परीक्षा शुल्क माफी, सारं त्यात लिहिलेलं होतं. त्याची छापील प्रत काढली, शासन निर्णयाचा क्रमांक आणि दिनांक घालून साधा अर्ज लिहिला आणि त्याची पोच घ्यायला सांगितलं. पुढच्या खेपेला तिथल्या लिपिकांनी तो निर्णय स्वतः उघडून पाहिला आणि मुलीचं नाव माफीच्या यादीत घेतलं. भांडण झालं नाही, कुणाची ओळख लावावी लागली नाही.

कागद वाचण्याची मात्र एक रीत आहे. आधी 'विषय' वाचावा. मग 'वाचा' किंवा 'संदर्भ' या मथळ्याखालची यादी पाहावी. हा निर्णय आधीच्या कोणत्या निर्णयांवर उभा आहे, ते तिथे कळतं. त्यानंतर सोबतची परिशिष्टं पाहावीत. लोणारच्या शेजारचा मेहकर तालुका त्या ४० च्या यादीत नव्हता. १० नोव्हेंबर २०२३ च्या निर्णयाने इतर तालुक्यांतल्या महसूल मंडळांची वेगळी यादी आली. म्हणजे पहिलाच कागद हाती धरून बसलं असतं, तर चुकीचं उत्तर मिळालं असतं. म्हणून पुढे शुद्धिपत्रक किंवा सुधारणा निघाली आहे का, हेही शोधावं. सवलत जाहीर करणारा विभाग एक असतो आणि ती अंमलात आणणारा दुसरा. तेव्हा त्या दुसऱ्या विभागाचं परिपत्रकही पाहायला हवं.

अलीकडे व्हॉट्सअॅपवर खोटे शासन निर्णयही फिरतात. खऱ्या निर्णयाच्या शेवटी एक लांबलचक सांकेतांक क्रमांक असतो. त्याचे पहिले आठ आकडे म्हणजे वर्ष, महिना आणि दिवस. तो क्रमांक संकेतस्थळावर टाकून पाहावा. निर्णय निघाला तर खरा. नाही निघाला, तर तो कागद पुढे पाठवू नये.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. शासन निर्णय हा कायद्याच्या वर नसतो. आधी अधिनियम, त्याखाली नियम, मग शासन निर्णय आणि परिपत्रक, अशी ही उतरंड आहे.

जुने निर्णय संकेतस्थळावर सापडतीलच असं नाही. तिथे माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ कामाला येतो. त्याच्या कलम ४ प्रमाणे कार्यालयाने आपले नियम आणि सूचना कुणी न मागताही प्रसिद्ध करायच्या असतात. नसतील, तर १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून अर्ज करावा. दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला तेही लागत नाही. उत्तर साधारणपणे ३० दिवसांत मिळायला हवं.

खिडकीपलीकडचा माणूसही बहुधा आपल्याच तालुक्यातला असतो. त्याच्या टेबलावर कागदांचा ढीग असतो आणि नवा निर्णय त्यानेही पाहिलेला नसतो. म्हणून आवाज चढवण्याचं कारण नाही. 'साहेब, कोणत्या नियमाने, तेवढं लिहून द्या,' असं नम्रपणे म्हणावं. आपल्या घरात शाळा-कॉलेजात शिकणारी, मोबाईल हाताळणारी मुलं आहेत. आजोबांच्या पेन्शनचा, आईच्या योजनेचा शासन निर्णय त्यांना एकदा शोधायला लावा आणि घरात मोठ्याने वाचायला सांगा. नियम आपल्यासाठीच केलेले आहेत, ते आपल्याला ठाऊक असायला हवेत.