आरपार दिसणारी वडी

साबण पारदर्शक असला म्हणजे तो शुद्ध, अशी आपली जुनी समजूत आहे. लंडनच्या अँड्र्यू पिअर्सने १८०७च्या सुमारास असा साबण विकायला काढला आणि पुढे जाहिरातींनी ही समजूत पक्की केली. गोळेवाल्याकडचा बर्फ आठवा. खडा असतो तोवर आरपार दिसतो, कीस केला की पांढरा! साबण थिजतानाही त्यात असंख्य बारीक स्फटिक होतात, प्रकाश त्यांवरून विखुरतो. हे स्फटिक वाढू नयेत म्हणून त्यात अल्कोहोल, ग्लिसरीन आणि साखरेचा पाक घालतात. म्हणजे उपऱ्या वस्तू साध्या साबणापेक्षा जास्तच की!

तरी तो घरी करून पाहावासा वाटतो. खोबरेल आणि एरंडेल घ्यावं. एरंडेलाने वडी जास्त स्वच्छ दिसते. १०० ग्रॅम खोबरेलाला सुमारे १८ ग्रॅम कॉस्टिक सोडा लागतो, तेवढ्याच एरंडेलाला सुमारे १३. इथे वाटी-चमच्याचा अंदाज चालत नाही, वजनकाटाच हवा. सोड्याच्या अडीचपट पाणी घेऊन सोडा हळूहळू पाण्यात सोडायचा. सोड्यावर पाणी कधीही ओतू नये, ते उसळून तोंडावर येतं. भांडं स्टीलचंच, ॲल्युमिनियम सोडा खाऊन टाकतो. चष्मा, हातमोजे घालावेत आणि मुलांना खुशाल शेजारी पाठवावं. डोळ्यात थेंब गेलाच, तर निदान २० मिनिटं वाहत्या पाण्याखाली डोळा धुवावा आणि तडक डॉक्टरांकडे जावं.

हे मिश्रण तेलात घोटून, पातेल्यात पातेलं ठेवून दोन-तीन तास शिजवलं की व्हॅसलीनसारखं दिसू लागतं. आता येते अल्कोहोलची पायरी. ती घरी करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. त्याची वाफ हवेपेक्षा जड असते, ओट्यावरून सरपटत शेगडीच्या ज्योतीपर्यंत पोचते आणि भडका उडतो. शिवाय दुकानात मिळणाऱ्या जळाऊ स्पिरिटमध्ये मिथेनॉलसारखं विष असू शकतं. नुसतं ग्लिसरीन आणि पाक घालावा. काचेसारखी वडी होणार नाही, मधाच्या रंगाची, धूसर होईल. माझी त्याबद्दल तक्रार नाही.

छंदवर्गात तयार ठोकळा वितळवून साच्यात ओततात, तो वेगळा प्रकार. त्यात सोडा हाताळावा लागत नाही. मुलांना सोबत घ्यायचं असेल तर तोच बरा.

आणि हो, ग्लिसरीन हवेतलं पाणी ओढून घेतं, त्यामुळे पावसाळ्यात या वडीला घाम फुटतो. ती जाळीवर ठेवावी, नाहीतर आठवड्यात विरघळून जाईल.