अंथरूण तापवा, खोली नव्हे

(नाशिक येथील हिवाळी व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



पत्रिकेवर माझा विषय ‘हिवाळ्यातील वीजबचत’ असा छापला आहे. मी मात्र एकाच वस्तूबद्दल बोलणार आहे: गादीवर अंथरायचा विजेचा पॅड. दुकानदार त्याला ‘बेड वॉर्मर’ म्हणतात, काही जण इलेक्ट्रिक ब्लँकेटच म्हणतात. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. आपल्याकडच्या थंडीत तापवायचं ते अंथरूण. खोली तापवणं म्हणजे पैसे खिडकीबाहेर टाकणं.

इथली थंडी मी तुम्हाला काय सांगू? निफाडचा पारा तुम्ही रोज पेपरात वाचता. द्राक्षवाले पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात, तेही ठाऊक आहे. आपली घरं मात्र बांधलेली असतात उन्हाळा डोळ्यापुढे ठेवून. फरशी गार, खिडक्यांना फटी, भिंती रात्रभर थंडी सोडतात. अशा खोलीत हीटर लावला की ऊब कुठे जाते ते विचारू नका.

हिशेब करू. दोन हजार वॅटचा हीटर तासाला दोन युनिट घेतो. १०० वॅटचा पॅड पूर्ण ताकदीवर आठ तास चालला तरी ०.८ युनिट. तेवढी वीज तो हीटर २४ मिनिटांत संपवतो. (टाळ्या) टाळ्या नकोत, घरी जाऊन हीटरवरचा आकडा वाचा.

मागून कुणीतरी विचारतंय, ‘गोधडी काय वाईट आहे?’ अहो, मी गोधडीचा शत्रू नाही! गोधडी ऊब धरून ठेवते, पण ती ऊब आधी तुमच्या अंगातून यावी लागते. सत्तरीच्या माणसाला गार गादी स्वतःच्या अंगानं तापवायला तासभर लागतो, आणि तो तासभर पाय बर्फ. खाली पॅड आणि वर गोधडी, एवढंच मी म्हणतोय.

आणि खालून शेक घेणं ही काही परदेशातून आलेली कल्पना नाही. बाळंतिणीची बाज आठवा. नवारीची किंवा सुंभाची बाज, खाली शेगडी, निखाऱ्यांवर राखेचा थर, त्यावर चिमूटभर ओवा नाहीतर बाळंतशेपा. शेक देणारी बाई आधी हाताची पालथी बाजू बाजेवरून फिरवायची. तळवा नाही, पालथी बाजूच, कारण कामानं तळवे निबर झालेले असतात आणि त्यांना चटका उशिरा कळतो. कुठे जास्त लागतंय असं वाटलं की निखारा चिमट्यानं बाजूला सारायची, राख ओढायची. आज जे काम थर्मोस्टॅट करतो, ते ती हातानं करत होती. शेकही ठरावीक वेळच. रात्रभर निखाऱ्यांवर निजायचं नाही, आणि बंद खोलीत तर कोळशाचा विषारी वायू जीव घेतो.

काश्मिरात फेरन या पायघोळ अंगरख्याखाली कांगडी, म्हणजे निखाऱ्यांचं भांडं, घेऊन बसतात. वर्षानुवर्षं तोच शेक एकाच जागी लागला की कातडीवर जाळीसारखे काळपट डाग पडतात, आणि काहींना पुढे तिथे कॅन्सर होतो. डॉक्टर त्याला कांगडी कॅन्सरच म्हणतात. चटका बसण्याइतकी आग लागतेच असं नाही. १९४७ साली मॉरिट्झ आणि हेन्रिक्स या अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवून दिलं की ४४ अंशांचा स्पर्शही सहा तास राहिला तर कातडी भाजते. ४४ अंश हाताला नुसते सुखद गरम लागतात! म्हणून पॅड झोपण्यापूर्वी अर्धा तास लावायचा आणि आडवं झाल्यावर लवकर बंद करायचा. १९९९ मध्ये ‘नेचर’मध्ये स्वित्झर्लंडच्या बाझेलमधल्या संशोधकांचा अभ्यास आला होता: पाय गरम असले की झोप लवकर लागते. झोप लागेपर्यंतच ऊब हवी, पुढे गोधडी समर्थ आहे.

चिठ्ठी आली. दहा मिनिटं म्हणतायत. मी शेकोटीपाशी जरा जास्तच रमलो. (हशा)

तर खरेदी. साधा पॅड दीड-दोन हजारांत मिळतो आणि तेवढा पुरतो. पैसे मोजायचे ते आपोआप बंद होणाऱ्या टायमरसाठी आणि जास्त तापल्यावर वीज तोडणाऱ्या व्यवस्थेसाठी. मखमली कापड, दहा पायऱ्यांचं बटण, यांवर पैसे घालू नका; तीन पायऱ्या भरपूर झाल्या. खोक्यावर आयईसी ६०३३५-२-१७ हा आकडा शोधा, गादीवरच्या अशा उपकरणांचं आंतरराष्ट्रीय सुरक्षा-मानक तेच. दुकानात पॅड उघडायला लावा आणि कापडावरून बोटं फिरवा. तार नागमोडी, सारख्या अंतरावर लागली पाहिजे. कुठे दोन तारा एकत्र आल्या असतील तर तिथेच तो जळणार. दुकानदार उघडू देत नसेल तर दुसरं दुकान गाठा. दोघांच्या पलंगासाठी दोन वेगळे कंट्रोलर असलेलाच घ्या. एकाला उकडतं आणि दुसरा कुडकुडतो, हे भांडण मी इथे मिटवणार नाही. (हशा)

घरात ईएलसीबी, म्हणजे वीजगळती होताच पुरवठा तोडणारं यंत्र, नसेल, तर पॅडच्या आधी ते बसवून घ्या. यात मी तडजोड मान्य करणार नाही.

वापराचं भराभर सांगतो. पॅड सपाट अंथरा, वर पातळ सुती चादर. घडी पडलेली असताना चालू करू नका, टाचणी लावू नका, मेमरी फोमच्या गादीवर टाकू नका, कारण तिथे उष्णता कोंडते. उन्हाळ्यात घट्ट घडी न घालता सैल गुंडाळून ठेवा. दहा वर्षं झाली की तो चालत असला तरी टाकून द्या.

शेवटचं, आणि हे घरी जाऊन नक्की सांगा. तान्ह्या बाळाच्या अंगाखाली हा पॅड कधीही घालू नका. मधुमेहानं पाय बधिर झालेल्यांना, अंथरुणाला खिळलेल्यांना, औषधाच्या गुंगीत असणाऱ्यांना भाजतंय हे कळत नाही, किंवा स्वतः उठून बटण बंद करता येत नाही. त्यांचं अंथरूण आधी तापवा, आणि ते आडवे होण्यापूर्वी प्लग काढून ठेवा.